मेंदूतील अर्बुदांची वाढ आणि पूर्वजपेशी

शास्त्रीय संज्ञेच्या पोटात पुष्कळदा एखादा सिद्धांत दडलेला असतो. पर्सिव्हल बेली व हार्वे कुशिंग यांनी इ. स. १९२६ मध्ये ग्लायोमा या मेंदूतील अर्बुदांच्या गटाचे वर्गीकरण केले, ते गर्भावस्थेतील पेशींशी आढळणाऱ्या साम्यावरून. ‘ग्लायोब्लास्टोमा’ या संज्ञेत ‘अंकुर’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. परंतु या अंकुरांचे अर्बुदातील नेमके कार्य कोणते, हा प्रश्न पुढे सुमारे पाऊणशे वर्षे अनुत्तरितच राहिला.

मेंदूची घडण होताना मूलपेशींपासून पूर्वजपेशी व पूर्वजपेशींपासून प्रगल्भ पेशी निर्माण होतात. पूर्वजपेशी वेगाने विभागतात. प्रगल्भतेबरोबर ही शक्ती बहुधा लोपते. अर्बुदातही अशीच श्रेणी असते काय?

इ. स. २००४ मध्ये टोरोंटो येथील शीला सिंग, पीटर डर्क्स व त्यांचे सहकारी यांनी मानवी अर्बुदांतील पेशी उंदरांच्या मेंदूत घातल्या. पृष्ठभागावर सीडी १३३ हे प्रथिन असलेल्या अवघ्या १०० पेशींतून अर्बुद उद्भवले. ते नसलेल्या १,००,००० पेशींतून उद्भवले नाही. ही खूण पुढे सर्वत्र विश्वसनीय ठरली नाही. मूळ प्रश्नाला मात्र चालना मिळाली.

अधिक स्पष्ट पुरावा इ. स. २०१६ मध्ये मिळाला. इटाय टिरोश, मारिओ सुवा प्रभृतींनी सहा ऑलिगोडेंड्रोग्लायोमांतील ४,३४७ पेशींपैकी प्रत्येकीतील जनुकांची क्रियाशीलता स्वतंत्रपणे तपासली. बहुसंख्य पेशी प्रगल्भ आधारपेशींसारख्या होत्या. विभाजनाची चिन्हे मुख्यतः पूर्वजपेशींसारख्या दिसणाऱ्या अल्पसंख्य पेशींतच आढळली. म्हणजे अर्बुदाचे आकारमान बहुसंख्यांचे, तर वाढ अल्पसंख्यांची, असा हा प्रकार होय.

उपचारांच्या दृष्टीने हा भेद निर्णायक आहे. औषधाने अर्बुद आकसले, तरी हा अल्पसंख्य वर्ग शिल्लक राहिल्यास ते पुन्हा वाढू शकते. उलटपक्षी, या पेशींना प्रगल्भतेकडे वळविता आले, तर त्यांचा नाश न करताही वाढ रोखता येईल, अशी आशा वाटते.

तथापि ही श्रेणी सर्व अर्बुदांत सारखी दृढ नसते. ग्लायोब्लास्टोमातील पेशी चार अवस्थांत आढळतात व एका अवस्थेतील पेशींपासून इतर अवस्थाही निर्माण होऊ शकतात, असे इ. स. २०१९ मधील संशोधनाने दाखविले. तेथे केवळ एका वर्गाचा उच्छेद पुरेसा होणार नाही. तात्पर्य, ‘पूर्वजपेशी’ हे तेथे पेशीच्या कायम जातीचे नाव नसून तिच्या तात्कालिक स्थितीचे आहे. आणि उपचारांना त्या स्थितीबरोबरच स्थित्यंतराचा मार्गही रोखावा लागेल.