खिडकीच्या आत

लोहाऱ्याहून यवतमाळच्या एका कॉलेजात मी रोज शिकवायला जातो. दोन वर्षांपासून शिष्यवृत्तीच्या कामाचा प्रभारही माझ्याकडे आहे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. ज्या खिडकीपुढे अर्ज घेऊन मी तासन्‌तास उभा राहिलो, तिच्या आत आज मी बसतो. ही जागा माणसाचे काय करते, ते आपल्या माणसांपुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

शिष्यवृत्ती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी १९४२ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. उच्च शिक्षणासाठी साहाय्य ही त्यातली एक मागणी होती. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. १९३५ ते १९३८ या काळात मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळलेल्या बाबासाहेबांना कॉलेजचे कार्यालय आतून ठाऊक होते.

आज हा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, आधारला जोडलेले बँक खाते असे सारे लागते. अर्ज आधी कॉलेजात तपासला जातो, प्राचार्यांच्या मंजुरीने पुढे सरकतो आणि मग समाजकल्याण खात्याकडे जातो. तपासणाऱ्यापुढे तीन वाटा असतात: मंजूर करणे, नामंजूर करणे किंवा त्रुटी दाखवून परत पाठवणे. यातली तिसरी वाट सर्वांत सोपी. मंजूर केलेल्या अर्जात पुढे चूक निघाली तर जाब द्यावा लागतो. परत पाठवलेल्या अर्जाचा जाब सहसा कोणी विचारीत नाही. कार्यालयाची सत्ता नकारात नसते, ती या परत पाठवण्यात असते.

मीही तेच केले. एका मुलीच्या दाखल्यावर आणि आधारवर वडिलांचे नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले होते. 'कागदपत्रांत त्रुटी' एवढेच लिहून मी तो अर्ज परत पाठवला. नियमाने माझे काम झाले होते. दिवस कापूस वेचणीचे. घरात फोन एकच, तोही भावाजवळ. मुदत संपायला चार दिवस उरले तेव्हा मी तिला वर्गात विचारले. ती म्हणाली, "सर, मले वाटलं तुमीच नाही म्हटलं."

तिचे काय चुकले? तिच्या घराने पिढ्यान्‌पिढ्या परत पाठवणे म्हणजे नकारच अनुभवला होता. आणि या वेळी तो नकार आपल्याच माणसाच्या हातून आला होता. तिला सोबत घेऊन तहसील गाठली, प्रतिज्ञापत्र केले आणि शेवटच्या दिवशी अर्ज पुढे गेला.

आता मी दोन गोष्टी पाळतो. कोणता कागद, त्यातली कोणती चूक आणि ती कुठे दुरुस्त होईल, हे साध्या मराठीत लिहितो. परत पाठवलेल्या अर्जांची यादी दर शनिवारी काढून प्रत्येकाला गाठतो. यात क्रांती वगैरे काही नाही. पण आपण प्रतिनिधित्व मागितले ते केवळ खुर्चीवर आपला माणूस दिसावा म्हणून नव्हे. खुर्ची मिळाल्यावर कामाची जुनी रीत तशीच चालू राहिली, तर खिडकीबाहेरच्या पोरीला आत कोण बसले आहे याने काय फरक पडतो? हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारतो. आपल्यातल्या प्रत्येक नोकरदाराने तो विचारावा.