सातपुड्यातील १९३८ चा भूकंप

भूकंपाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे किल्लारीकडे वळते, आणि ते स्वाभाविक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. परंतु जळगाव-धुळ्याच्या उत्तरेस उभ्या असलेल्या सातपुड्यात १४ मार्च १९३८ रोजी जवळपास तेवढ्याच शक्तीचा भूकंप झाला होता, हे खान्देशातही फार थोड्यांना ठाऊक असते. दोन्ही भूकंपांची तीव्रता रिश्टर मापनावर सहाच्या थोडी वर होती. सातपुड्याचा धक्का अतिशय विस्तीर्ण प्रदेशात जाणवला. किल्लारीसारखा संहार मात्र झाला नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर खोलीत आहे. ज्या ठिकाणी खडक तुटून सरकतो त्यास भूकंपाची नाभी म्हणतात, आणि तिच्या बरोबर वर भूपृष्ठावर असलेल्या स्थानास अपिकेंद्र. किल्लारीची नाभी उथळ होती, तर सातपुड्याची सुमारे ४० किलोमीटर खोल. समजा, नाभी १० किलोमीटर खोल आहे. अपिकेंद्रापासून ३० किलोमीटर दूर असलेले गाव नाभीपासून सुमारे ३२ किलोमीटर, म्हणजे तिपटीहून अधिक अंतरावर पडते. नाभी ४० किलोमीटर खोल असेल, तर तेच अंतर ४० वरून अवघे ५० होते. म्हणून उथळ भूकंप जवळच्या गावांवर तुटून पडतो. खोल भूकंप आपला जोर दूरवर वाटून देतो.

हे अभ्यासक कसे ठरवतात? एक साधन भूकंपमापक यंत्राचे. त्यावर आधी वेगवान प्राथमिक लहर उमटते, मागाहून दुय्यम. दोहोंत एका सेकंदाचे अंतर म्हणजे स्थूलमानाने आठ किलोमीटर. मात्र १९३८ मध्ये अशी यंत्रे विरळ होती, त्यामुळे त्या भूकंपाचे अपिकेंद्र सर्व सूचींत एकाच जागी आढळत नाही. दुसरे साधन माणसांच्या अनुभवाचे, आणि आमच्या मते तेही तितकेच मोलाचे आहे. झोपलेले जागे झाले का, फडताळातील भांडी वाजली का, टांगलेला दिवा हलला का, गिलाव्यास भेगा गेल्या का, असे प्रश्न गावोगाव विचारले जातात. सारखा परिणाम अनुभवलेली गावे नकाशावर रेषेने जोडली की धक्क्याचा आकार दिसू लागतो. या रेषा दूरदूर पसरलेल्या असतील, तर नाभी खोल असल्याचा तो एक संकेत असतो.

खोल म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. नर्मदा-शोण-तापी हा भूकवचातील जुन्या भेगांचा एकच लांब पट्टा आहे. त्याच पट्ट्यावरील जबलपूर येथे २२ मे १९९७ रोजी झालेल्या भूकंपाची नाभीही सुमारे ३५ किलोमीटर खोल होती, तरीही घरे कोसळली, माणसे दगावली. किल्लारीनंतर देशात बसविलेल्या आधुनिक यंत्रांमुळे त्याचा अभ्यास अधिक नेमका झाला.

तापीकाठची अनेक गावे जाड गाळाच्या थरावर वसलेली आहेत. कठीण खडकापेक्षा अशा मऊ थरात हादरे वाढतात. त्यात आपल्याकडील जुनी धाब्याची घरे! गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी धाब्यावर मातीचा नवा थर चढतो, जुना तसाच राहतो, आणि भिंतींवरील भार वाढत जातो. किल्लारीत असंख्य माणसे गाडली गेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि असलीच जड छपरे कोसळल्यामुळे. नवी माती टाकण्याआधी जुनी उतरवून घेण्यास एक-दोन दिवसांची मजुरी लागते.