धोट्याचा धक्का

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. बसने ब्रेक मारला की प्रवासी पुढे झुकतो, हे त्यातले पिढीजात उदाहरण. मुंबईतल्या काळाचौकीच्या मुलांना मात्र हा धडा कापडाच्या मागावरच्या धोट्यावरून शिकवावा, असे माझे ठाम मत आहे. त्यांच्या आज्या-आजोबांची हयात या धोट्याच्या मागे गेली.

इतिहास थोडक्यात. हे नियम मांडणारा न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ आला १६८७ साली. जॉन केचा उडता धोटा १७३३चा. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली आणि पुढे लालबाग-परळ-काळाचौकी म्हणजे गिरणगाव झाले. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. पुढे बहुतेक गिरण्यांची धडधड थांबली.

आता धोटा. दोन्ही टोकांना निमुळता, टोकांवर पोलादी टोप्या, पोटात सुताची कांडी. वजन साधारण ४०० ग्रॅम. मागाची लाकडी काठी त्याला फटका मारते आणि तो उभ्या धाग्यांच्या फटीतून पलीकडच्या पेटीत जातो. भिवंडीला एका कारखान्यात मालकांनी मला मागाशेजारी उभे राहू दिले. पहिला नियम तिथे डोळ्यांनी दिसतो. काठी सुटली की धोट्याला ढकलणारे कोणीच उरत नाही, तरी तो जातच राहतो. चालत्या वस्तूला सतत जोर लागतो, हा विद्यार्थ्यांच्या मनातला सर्वांत चिवट गैरसमज आहे. धोटा तो एका झटक्यात पुसतो.

दुसऱ्या नियमाचे गणित मी कागदावर मांडले, आणि या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग तोच. ठोकळ आकडे घेऊ. २० सेंटिमीटर अंतरात धोट्याला सेकंदाला १२ मीटर वेग द्यायचा, तर त्वरण येते ३६० मी/से², म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या छत्तीसपट. बल १४४ न्यूटन : पंधरा किलो तांदळाची पिशवी उचलायला लागते जवळपास तेवढे, तेही सेकंदाच्या तिसाव्या भागात. मिनिटाला १६० फेऱ्या धरल्या, तर आठ तासांच्या पाळीत ७६,८०० फटके. तेवढ्याच वेळा पलीकडच्या पेटीत घर्षणाने धोटा थांबवायचा, आणि दर वेळी सुमारे २९ ज्यूल ऊर्जा उष्णतेत, आवाजात, कंपनात घालवायची. साळखात्यातली, म्हणजे विणकाम विभागातली, माणसे खाणाखुणांनी बोलत, ती या गोंगाटामुळेच. एवढे करून पदरात काय? वीस नंबरच्या सुताचा एक मीटर आडवा धागा, वजन ०.०३ ग्रॅम! त्याच्यासाठी तेरा हजारपट जड धोटा पळवायचा. कांडी रिकामी होत आली की धोटा हलका होतो, आणि त्याच फटक्याने जरा जास्त वेगाने जातो. वस्तुमान आणि त्वरण यांचा संबंध याहून स्वच्छ कुठे भेटणार?

म्हणून तर १९५३ साली स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने धोटाच काढून टाकला. त्याच्या जागी सुमारे ४० ग्रॅमचे पोलादी प्रक्षेपक आले. पुढे हवेच्या झोताने धागा फेकणारे माग आले. वस्तुमान कमी केले की तेवढ्याच बलात वेग वाढवता येतो.

तिसरा नियम गिरण्यांच्या इमारतींमध्ये दडलेला आहे. काठी धोट्याला ढकलते, तेव्हा धोटाही काठीला तितक्याच बलाने उलटा ढकलतो आणि तो हादरा मागाच्या सांगाड्यातून जमिनीत उतरतो. म्हणून मागांची शेड बहुधा एकमजली, जमिनीलगत. सूतकताई मात्र वरच्या मजल्यांवर चालू शके. दमट हवा टिकवणे आणि करवतीच्या दात्यांसारख्या छपरांतून उत्तरेचा प्रकाश घेणे हीही कारणे होती, पण हादऱ्यांचे कारण मला सर्वांत रंजक वाटते.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३च्या आवारात महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. तिथे एक तरी माग चालता हवा, जाळीआड, कारण सुटलेल्या धोट्याने माणसे जखमी होत. शेजारी दुसरा, हाताने फिरवायचा. त्याच्या काठीला ताणकाटा जोडलेला. नववीच्या मुलाने कांडी भरलेली असताना आणि रिकामी असताना धोट्याचे वजन करावे, काट्यावरचे बल वाचावे आणि त्वरणाचे गणित स्वतः सोडवावे.