पहिलटकरणीला जास्त वेळ का लागतो?

सांगलीची लेक साताऱ्याला दिलेली असली, तरी पहिल्या बाळंतपणाला माहेरीच येते. कळा सुरू होताच आई म्हणते, "पहिलीच खेप, वेळ लागायचाच." का बरं?

गर्भाशयाचं तोंड म्हणजे घट्ट गळ्याचा नवा स्वेटर. बाळाचं डोकं त्यावर दाब देतं. त्यानं आईचा मेंदू ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सोडतो. कळा वाढतात, दाब आणखी वाढतो. पहिलटकरणीत हे तोंड बहुधा आधी पातळ होतं, मग १० सेंटीमीटरपर्यंत उघडतं. पुढच्या खेपेला गळा सैलावलेला असतो. दोन्ही कामं बरोबरीनं होतात. म्हणून ५ सेंटीमीटरनंतरचा टप्पा पहिल्या खेपेला सहसा १२ तासांत, पुढे १० तासांत आटोपतो.

पाणमोट फुटली किंवा रक्त जाऊ लागलं, तर मात्र थेट दवाखाना. गाडी नसेल तर १०८.