कात्री कधी लावायची?

नवरात्राच्या आसपास निफाड-दिंडोरीकडे गेलात तर चहाच्या टपरीवर एकच विषय ऐकू येतो. छाटणी कधी धरायची? पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या आलेल्या असतात, कात्र्यांना धार लावून झालेली असते. तरी बागायतदार हात आखडून आभाळाकडे बघत असतो. एकदा काडी कापली की पुढचे दिवस वेल मोजते, माणसाच्या हातात काही राहत नाही.

द्राक्षवेलीला आपल्याकडे वर्षातून दोनदा कात्री लागते. एप्रिलच्या खरड छाटणीने काडी तयार होते आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीने फळ धरते. गोडी छाटणीनंतर डोळ्यांना पेस्ट लावली की दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात, पोंगा दिसतो, मग कोवळे घड बाहेर पडतात आणि साधारण सव्वा महिन्याने बाग फुलोऱ्यात येते. या दिवसांत पाऊस आला तर घड कुजतात, फुलोऱ्यात गळ होते. महाराष्ट्रातला ऑक्टोबर मात्र असा महिना आहे की सकाळी कातडी भाजणारे ऊन असते आणि संध्याकाळी विजा कडाडून पाऊस कोसळतो.

हवामान खात्याच्या हिशेबात पावसाळा 30 सप्टेंबरला संपतो. पाऊस काही हा हिशेब पाळत नाही. मान्सून राजस्थानातून माघार घ्यायला लागतो, आणि ती माघार जाहीर करण्याआधी सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेतली आर्द्रता घटणे, खालच्या थरात वाऱ्यांचे चक्र उलटे होणे, असे सगळे जुळून यावे लागते. 2020 साली खात्याने माघारीच्या सरासरी तारखाच बदलल्या. मुंबईतून मान्सून परतण्याची तारीख 29 सप्टेंबरची 8 ऑक्टोबर झाली. त्याच्या आदल्या वर्षी, 2019 मध्ये, माघार सुरू व्हायलाच 9 ऑक्टोबर उजाडला होता. तोवरच्या नोंदींत इतका उशीर कधी झाला नव्हता. त्या महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ उठले आणि नाशिक जिल्ह्यात पाऊस थांबेना. सटाणा-बागलाण भागात लवकर छाटणी करून लवकर माल काढणाऱ्यांच्या बागा तेव्हा ऐन भरात होत्या. घड वेलीवरच गेले.

परतीच्या पावसाची आणखी एक वाट बंगालच्या उपसागरातून येते. ऑक्टोबर 2020 च्या मध्याला आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेला कमी दाबाचा पट्टा तेलंगण, सोलापूर, पुणे असा थेट आपल्या अंगावरून गेला. 2021 च्या सप्टेंबरअखेरीस गुलाब चक्रीवादळाने मराठवाडा धुऊन काढला, तेच पुढे अरबी समुद्रात जाऊन पुन्हा जोर धरून शाहीन झाले आणि ओमानला धडकले. दोन्ही समुद्र तापलेले असताना आपण मधोमध बसलेलो आहोत.

या पावसाला शिव्या घालणे मात्र मला पटत नाही. हस्त नक्षत्राला आपण हत्ती म्हणतो, त्याच दिवसांत पोरी भोंडल्याला पाटावर हत्ती काढून फेर धरतात. सोलापूर-नगरकडची रब्बी ज्वारी याच पावसाच्या ओलीवर उभी राहते. ज्वारीवाल्याला जो पाऊस हवा असतो तोच शेजारच्या बागेला मारतो. पाऊस जुनाच आहे, त्याच्या वाटेत उभे केलेले हे नाजूक, महागडे पीक नवे आहे.

बागायतदार सर्वांत जास्त धास्तावतो तो डाऊनीला, म्हणजे केवडा रोगाला. तिचे बीजाणू पानावर साचलेल्या पाण्यात पोहतात आणि पानाच्या मागच्या बारीक छिद्रांतून आत शिरतात. म्हणजे एकूण किती मिलिमीटर पाऊस पडला यापेक्षा पान किती तास ओले राहिले हे महत्त्वाचे. रात्रीच्या पावसानंतर सकाळी ढग राहिले तर थोडा पाऊसही पुरतो. यावरचा जुना उपाय फ्रान्समधल्या मेदोकच्या वाटेवर सापडला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. 1882 च्या शरदात मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की नेमक्या त्याच वेलींची पाने शाबूत आहेत. तेच आपले बोर्डो. आजही शंभर लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना हे प्रमाण बागेत तोंडपाठ असते. पण पाऊस लागून राहिला तर फवारलेले धुऊन जाते, आणि चिखलात ट्रॅक्टर आत जात नाही.

मग सरळ उशिरा छाटावे, असे शहरातल्या माणसाला वाटेल. उशिरा छाटलेल्या बागेत मणी फुगायच्या वेळी निफाडची कडाक्याची थंडी येते आणि वाढ अडते. माल निघतो तेव्हा सगळ्यांचाच माल बाजारात असतो, भाव पडलेला असतो आणि डोक्यावर मार्चचे ऊन, गारपिटीची भीती. लवकर छाटावे तर पाऊस, उशिरा छाटावे तर थंडी.

या पेचात अनुभवी लोक एकाच तारखेवर सगळी बाग लावत नाहीत. तीन एकर असेल तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने तीन तुकडे पाडतात. मला हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो. एखादा तुकडा मार खातो, घर बुडत नाही. बोद उंच ठेवणे, पाणी निघायला चर मोकळे करणे, जास्तीच्या फुटी वेळेत काढून वारा खेळता ठेवणे ही कामे बिनखर्चाची नाहीत, पण आवाक्यातली आहेत. प्लॅस्टिकचे आच्छादन उत्तम काम करते, मात्र एकरी काही लाखांचा खर्च लहान बागायतदाराला झेपत नाही. अंदाजाच्या बाबतीत, हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा कल सांगते, तो छाटणीचा आठवडा ठरवायला उपयोगी. फवारणीसाठी मात्र पुढच्या चार-पाच दिवसांच्या अंदाजावरच विसंबावे.

विम्याचे दुखणे वेगळे आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवरून, बागेतल्या नुकसानीवरून नाही. परतीचा पाऊस तर एका शिवारात कोसळतो आणि ओढ्यापलीकडे थेंबही पडत नाही. केंद्र कोरडे राहिले की भिजलेल्या बागेला कागदावर पाऊस झालेलाच नसतो. मंडळाला एक केंद्र असल्या पावसासाठी पुरत नाही, प्रत्येक ग्रामपंचायतीत स्वयंचलित पर्जन्यमापक हवा आणि विम्याने त्याची नोंद धरायला हवी.

2 ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा असते, नेमकी छाटणीच्या तोंडावर. यंदा तिथे हा ठराव मांडा, आणि तोवर बागेच्या बांधावर साधा पर्जन्यमापक ठोकून रोज सकाळी आठच्या आसपास वहीत आकडा लिहायला लागा.