विंचवाचा पत्ता आणि ऑर्ग मोडमधलं ':पोस्ट'

आरे कॉलनीत रात्री अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की विंचू हिरवट-निळे चमकतात. माझी पीएचडी त्यांच्यावरच चालू आहे. इथल्याच एका विंचवाला 2010 मध्ये झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी लायकस आरेयेन्सिस हे नाव दिलं. विंचू दिसला की मी जागा नोंदवते, दशांशचिन्हानंतर पाच आकडे. म्हणजे साधारण एक मीटर (कागदावर हो, झाडीखाली जीपीएस इतका नेमका कुठला!).

हा पत्ता प्रबंधात जसाच्या तसा छापायचा नाही. हौसेखातर विंचू-कोळी पाळणारे लोक आहेत, त्यांना पकडून आणून विकणारेही आहेत. म्हणून छापताना दोनच आकडे, म्हणजे साधारण 1.1 किलोमीटर. आरे कळतं, दगड कळत नाही.

मी लिहिते ऑर्ग मोडमध्ये. मजकूर, कोड आणि कोडचं उत्तर एकाच फाईलमध्ये. डोनाल्ड नूथ यांनी 1984 मध्ये 'लिटरेट प्रोग्रामिंग' या नावाने मांडलेल्या कल्पनेचंच हे एक रूप. कोड चालवला की खाली तक्ता आपोआप येतो. मी शहाणपणा करून त्या तक्त्यातले आकडे हाताने कापले. आठवड्याने नवीन नोंदी टाकून कोड परत चालवला, आणि जुना तक्ता पुसून नवा आला, पाचही आकड्यांसकट. मॅडमना मसुदा पाठवायच्या दहा मिनिटं आधी लक्षात आलं. घाम फुटला!

चूक साधी होती. उत्तर ही कोडची जागा आहे, तिथे हाताने केलेलं काही टिकत नाही. दुरुस्तीही कोडनेच करायला हवी. ऑर्गमध्ये त्यासाठी ':पोस्ट' आहे. आकडे गोल करणारा एक छोटा कोड लिहायचा, त्याला नाव द्यायचं, समजा 'गोल'. तक्त्याच्या कोडच्या डोक्यावर ':पोस्ट गोल(तक्ता=*धिस*)' लिहायचं (फाईलमध्ये अर्थात रोमन अक्षरांत). *धिस* म्हणजे नुकतंच आलेलं उत्तर. ते आधी 'गोल'मधून जातं आणि मगच कागदावर उतरतं. कितीही वेळा चालवा.

पण एक गोम आहे. दुसऱ्या कोडने हा तक्ता नावाने मागितला तर त्यालाही गोल केलेलेच आकडे मिळतात. माझी दोन विंचवांमधली अंतरं अचानक शून्य यायला लागली तेव्हा हे कळलं. आता अंतराचा कोड मूळ फाईल थेट वाचतो, ती फाईल प्रबंधासोबत कुठेच जात नाही.

नकाशाचं मात्र उलटं. चित्र फाईलमध्ये साठवलं की *धिस*मध्ये फक्त त्या फाईलची लिंक येते, ठिपके हलवता येत नाहीत. म्हणून नकाशा मी गोल तक्त्यावरूनच काढते. बरेच ठिपके एकमेकांवर बसतात, दिसायला गचाळ दिसतं. मॅडम म्हणाल्या, "असू दे."