नकाशा आहे, नोंद नाही

रायपूर शहरालगतच्या भनपुरी या औद्योगिक परिसरातील भूखंड खसरा क्रमांकाने ओळखला जातो. त्या नोंदीच्या आधारे जमिनीचे व्यवहार होतात, बँक कर्ज देते आणि भूसंपादनाचा मोबदला ठरतो. याच छत्तीसगढ राज्याच्या दक्षिण भागात, महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्याला लागून अबूझमाड हा सुमारे ४,००० चौरस किलोमीटरचा डोंगराळ, विरळ वस्तीचा प्रदेश आहे. तेथील बहुतेक गावांत मात्र पिढ्यान्‌पिढ्या अशी नोंदच झाली नाही.

अबूझमाडचा नकाशाच नाही, असे अनेकदा म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. हे काम उत्तरेकडे नेत असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. या सर्वेक्षणातून निश्चित झालेल्या बिंदूंच्या आधारे पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे स्थलनिर्देशक नकाशे तयार केले. अबूझमाडचे डोंगर, नाले व समोच्च रेषा त्यांत आहेत.

परंतु असा नकाशा भूरूप दाखवितो. शेत कोणाचे, हे सांगत नाही. ते काम महसुली मोजणीचे. ब्रिटिश काळात अशा मोजणीमागील मुख्य हेतू शेतसारा हा होता. जेथे मोजणीचा खर्च मोठा आणि साऱ्याची आशा अल्प, तेथे साखळी पोहोचण्याचे कारणच नव्हते. स्वातंत्र्यानंतर दुर्गमता, २००९ पर्यंतचे प्रवेशनिर्बंध व सशस्त्र हिंसाचार यांमुळे हे काम लांबत गेले. अलीकडच्या काळात काही गावांत ते सुरू झाले आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अबूझमाडिया समाज परंपरेने ‘पेंदा’ ही फिरती शेती करतो. काही वर्षांनी जमीन पडीक ठेवून कुटुंब दुसरीकडे पेरणी करते. एकाच हंगामातील मोजणीत केवळ पेरलेला तुकडा नोंदला गेला, तर पडीक जमिनीवरील हक्क कागदावरून नाहीसा होईल. वनहक्क कायदा, २००६ मध्ये मोजणी न झालेल्या वनगावांना महसुली गावांचा दर्जा देण्याची तरतूद आहे. त्याखालील नियमांनुसार ज्येष्ठांचे लेखी जबाब, दफनभूमी व देवस्थाने हेही पुरावे ग्राह्य आहेत.

उपग्रहचित्रांमुळे सीमा आखणे आज सोपे झाले आहे. त्या सीमेच्या आतील हक्क कोणाचा, हे मात्र ग्रामसभेत बसूनच ठरवावे लागेल. प्रथम जाबजबाब, नंतर मोजणी, हा क्रम पाळला तरच नोंद न्याय्य ठरेल.